मुरमाची वाट, द्राक्षांचा मुलूख

द्राक्षवेलीला पाय ओले ठेवून उभं राहणं सोसत नाही. मुळाशी पाणी साचलं की पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. तिला मुरमाड, निचऱ्याची, जराशी उताराची जमीन मानवते. ग्रॅव्हल बाईकला, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी बनवलेल्या जाड टायरच्या सायकललाही, नेमकी तीच जमीन हवी असते. काळ्या रानात दोन सरी पडल्या की चिखल टायरला, ब्रेकला, चेनला असा धरतो की सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं. मुरूम मात्र पाऊस उघडला की काही तासांत पुन्हा चालता होतो. दिंडोरी तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात फिरताना ही गोष्ट आधी माझ्या पायांना कळली. चाक हलकं पळायला लागलं की मान वर करून बघायचं. शेजारी हमखास द्राक्षबाग असते, आणि पुष्कळदा ती वाईनच्या द्राक्षांची असते.

हा काही नियम नव्हे. ओझर-निफाडच्या भारी जमिनीतही डॉगरिजसारख्या चिवट रूटस्टॉकवर, म्हणजे मुळाकडच्या खुंटावर, कलम केलेल्या बागा जोमाने उभ्या आहेत. पण सह्याद्रीच्या कण्याकडे, डोंगराच्या पायथ्याने सरकत गेलं की जमीन हलकी होत जाते, बांध वाकडे होतात, डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो. मला या मुलखाची ओढ लागली ती तिथून.

सायकलबद्दल थोडं सांगून टाकतो. टायर 40 ते 45 मिलिमीटर रुंद, हवा रस्त्यावरच्या सायकलीच्या निम्म्याहून कमी, हँडल मात्र रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं. आत ट्यूब नाही, सीलंटचं द्रावण आहे. आपल्याकडे बांधाबांधावर बाभळी आहेत, त्यामुळे याला पर्याय नाही; काटा शिरतो, थोडं पांढरं पाणी उडतं आणि भोक आपोआप बुजतं. कच्च्या रस्त्यावर वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास राहतो. या वेगाला बांधावरचा माणूस हाक मारू शकतो आणि आपल्याला ती ऐकू येते. गाडीतून या बागा पाहणाऱ्याला ते जमत नाही.

माझी आवडती वाट नाशिकहून पेठ रस्त्याने निघते. रामशेज किल्ला उजव्या हाताला येतो. औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षं दाद न देणारा हा किल्ला खालून पाहिला की एवढा बुटका कसा, असं वाटतं. त्याच्या पायथ्यानंतर मी मुख्य रस्ता सोडतो आणि शिवरस्ते, पाणंदी आणि कालव्याच्या भरावावरून दिंडोरीच्या बाजूला सरकत जातो. उत्तरेला सातमाळा रांग उभी असते: अचला, अहिवंत, मार्कंड्या, सप्तशृंगी, पलीकडे धोडप. जानेवारीच्या सकाळी ती निळसर दिसते. हातमोज्यांतही बोटं आखडतात, आणि दहा वाजेपर्यंत जॅकेट काढून पिशवीत टाकावं लागतं.

त्या थंडीवरच या भागाच्या वाईनचा बराचसा जीव आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर. हिवाळ्यात दिवसा ऊन तिशीकडे जातं आणि रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. दिवसाच्या उन्हात साखर भरते, रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकतो. फ्रान्स-इटलीत द्राक्षं उन्हाळाभर पिकतात आणि शरदात तोडली जातात; आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. शिवाय तिकडे थंडीत वेल झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. इथली वेल झोपतच नाही. तिला दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी: जुनं सगळं काढून नव्या काड्या तयार करायच्या, त्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पुढचा घड आतल्या आत घडतो. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडीबार छाटणी: काडी नेमक्या डोळ्यापाशी कापायची, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावायची आणि मग फळाची वाट पाहायची. छाटणी लवकर धरली तर परतीचा पाऊस फुलोऱ्यात गाठतो, उशिरा धरली तर माल उन्हात सापडतो. वर्षाचं सगळं गणित त्या पंधरा-वीस दिवसांच्या निवडीवर.

सायकलवरून खायच्या द्राक्षाची बाग आणि वाईनची बाग दुरून ओळखू यायला लागते. खायच्या द्राक्षांच्या वेली वाय आकाराच्या लोखंडी अँगलवर किंवा मांडवावर पसरलेल्या, खाली सावली, सावलीत लोंबणारे लांबट मण्यांचे घड. निर्यातीच्या बागेत त्यांना कागद गुंडाळलेला. वाईनच्या वेली बहुतेक ठिकाणी उभ्या तारांवर चढवलेल्या, कंबरेच्या उंचीला घड, ओळींमधून पलीकडचा डोंगर दिसतो. मणी बारीक, घट्ट, जाड सालीचे, बियांचे. एका शेतकऱ्याने हातावर शिराझ या वाईनच्या काळ्या द्राक्षाचा एक झुपका ठेवला होता. आधी जिभेवर इतका गोडवा की दचकायला व्हावं, मग साल चावली की तोंड आवळून येतं. त्या आवळण्यातच रेड वाईनचा रंग आणि कस असतो. खायच्या द्राक्षात शेतकरी मणी फुगवण्यासाठी जीव टाकतो, संजीवकात, म्हणजे वाढीच्या औषधात, घड बुडवतो. वाईनच्या द्राक्षात नेमकं उलटं: मणी लहान राहिला पाहिजे, एकरी माल कमी निघाला पाहिजे, रसातली साखर बावीस टक्क्यांच्या पुढे गेली पाहिजे. एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच घरातले दोन भाऊ दोन उलट्या दिशांनी मेहनत करताना मी पाहिलेत.

खायच्या द्राक्षांचा इथला इतिहास ओझरपासून सांगतात. 1925 च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी तिथे लागवड केली. वाईन पुष्कळ नंतरची. सुला या वाईनरीची पहिली वाईन 2000 साली आली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, आणि मग बघता बघता दिंडोरी, सांजेगाव, गंगावऱ्हे, विंचूर अशी नावं बाटल्यांच्या निमित्ताने बोलली जाऊ लागली. आज ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. तो भाग मी लवकर ओलांडतो. तिथे वाईन चांगली मिळते, मी ती आवडीने पितो, विशेषतः थंड केलेली शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन. पण मला जे पाहायचं असतं ते तिथून दिसत नाही.

मला पाहायचे असतात हात. ऑक्टोबरात एखाद्या बागेत वीस-पंचवीस माणसं ओळीने पुढे सरकत असतात आणि कात्रीचा आवाज एका लयीत येत राहतो. नोव्हेंबरात फेलफुटी, म्हणजे घड नसलेले जादा फुटवे, काढणं, शेंडे मारणं. मग खायच्या द्राक्षांत घडांची विरळणी: गच्च घडातून नको ते मणी बारीक कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. बागेच्या कडेला सायकल टेकवून मी पाणी पीत असताना एक मावशी या कामात होत्या. एका हाताने घड फिरवायचा, दुसऱ्या हाताने कात्री. बघणं जवळजवळ नव्हतंच. ‘मावशी, किती मणी ठेवायचे ते कसं कळतं?’ असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दादा, घड हातात आला की कळतंय. भरला तर जड लागतो, ढिला झाला तर हात सांगतो.’ गाव विचारलं तर म्हणाल्या, सुरगाण्याच्या वरच्या अंगाला. दिवाळीच्या आधी आलो, आता होळीला जाऊ.

तेव्हापासून मी या मुलखाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. द्राक्षाचं जवळपास प्रत्येक नाजूक काम पेठ, सुरगाणा, हरसूल या आदिवासी भागातून उतरून आलेल्या टोळ्या करतात. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबं. मुकादम ठरवतो, काम एकरावर उक्तं घेतलं जातं, आणि महिनोन् महिने बागेच्या कडेच्या खोलीत नाहीतर पालात संसार मांडला जातो. काहीजण रोज पहाटे पिकअपमध्ये दाटीवाटीने उभे राहून घाट उतरतात. वाईनच्या बाटलीवर जमीन, उंची, हवा या सगळ्याचं कौतुक छापलेलं असतं आणि ते खरंही आहे. पण द्राक्षाला चव येते त्यात या हातांचा जो वाटा आहे, त्याचा उल्लेख मी अजून एकाही लेबलवर वाचलेला नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचीही गोष्ट डोंगराशीच जोडलेली आहे, आणि ती कळण्यासाठी कालव्याच्या रस्त्यासारखा रस्ता नाही. कालव्याच्या भरावावरची वाट सायकलस्वाराला देवाने द्यावी अशी: चढ जवळपास नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बागा, मध्ये दोन चाकोऱ्या आणि त्यांच्यामध्ये गवताची पट्टी. वाघाड धरण कोळवण नदीवर, डोंगराच्या कुशीत. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर, मोहाडीचा भाग येतो. ऐंशीच्या दशकात या शेपटाला पाणी पोहोचतच नव्हतं. वरचे उपसून घेत, खालचे अर्ज करत. तिथे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र बसवलं. 1990 च्या सुमारास शेपटाकडच्याच तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी वेळेवर भरायची, वाटप आपण करायचं, भांडण आपल्यात मिटवायचं. पुढे सगळ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि 2003 पासून धरणापासून शेतापर्यंतचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेने हाती घेतलं. राज्याचा सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा आला तो त्यानंतर, 2005 मध्ये.

या कालव्याच्या काठाने जाताना जागोजागी पाणी मोजायच्या खुणा आणि चाऱ्यांची दारं दिसतात. एके ठिकाणी सायकलवरूनच फिरणारा पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा माणूस, भेटला. त्याची सायकल साधी, काळी, कॅरिअरला फावडं बांधलेलं. आम्ही दोघं बराच वेळ शेजारी शेजारी चाललो. कुठली चारी कुणाच्या बारीची, कुठे बांध फुटायची भीती आहे, कुणाची बाग यंदा डाऊनीने, म्हणजे केवडा या बुरशीच्या रोगाने, धुतली गेली, हे तो चालता चालता सांगत होता. एरवी नकाशावर निळी रेघ म्हणून दिसणारा तो कालवा माझ्यासाठी त्या दिवशी माणसांच्या करारांनी भरून गेला. द्राक्षं आधी आली आणि पाण्याची शिस्त मागून, असं पुष्कळांना वाटतं. इथे पुष्कळ शेतकऱ्यांनी पाण्याची खात्री झाल्यावरच बागेचं धाडस केलं. लागवडीला एकरी लाखो रुपये घालायचे आणि फेब्रुवारीत पाणी मिळेल की नाही ते माहीत नाही, अशा अवस्थेत कोण वेल लावेल?

धाडसाची दुसरी बाजूही याच वाटेवर भेटली. फवारणीचा ब्लोअर चालू होता म्हणून एकाने लांबूनच हात केला, ‘थांबा भाऊ, औषध चाललंय, वारं तुमच्याकडं आहे.’ ट्रॅक्टर फिरून आल्यावर त्यांनी चहा मागवला. त्यांनी वाईनची बाग 2004 च्या आसपास लावली होती. 2008 च्या मंदीनंतर मागणी कोसळली, तेव्हा त्यांचा माल वेलीवरच राहिला. त्यांनी वाईनची दोन एकर कॅबरनेट कुऱ्हाडीने काढली आणि खायची थॉमसन लावली. आणि काही वर्षांनी करार नीट होतोय असं पाहून डोंगराकडच्या हलक्या तुकड्यात पुन्हा वाईनची द्राक्षं लावली. ‘खायच्या मालाला गारपीट झाली तर एका दिवसात सगळं जातं. ह्याला भाव बांधलेला असतो, खर्च कमी आहे. पण कंपनीच्या दारात उभं राहायचं, हे विसरायचं नाही,’ असं ते म्हणाले. माझ्याशी बोलताना त्यांची नजर सारखी ओळींवर होती. केवड्याचा एक डाग दिसला तर ते पान तोडून खिशात टाकायचे, बागेत पडू द्यायचे नाहीत.

कच्च्या रस्त्याचं काय करायचं, हा प्रश्न जगात इतरही द्राक्षमुलखांना पडला आहे. इटलीत टस्कनीमधल्या कियांती भागात पांढऱ्या मातीचे रस्ते आहेत. त्यांवर डांबर पडू लागलं तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या गृहस्थाने 1997 मध्ये गायोले या गावातून जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली, लेरोइका. कच्चे रस्ते जपायचे तर त्यांच्यावर लोकांचं प्रेम बसलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. तो साधला. 2007 पासून त्याच मुलखात व्यावसायिक सायकलपटूंची स्त्रादे ब्यांके ही शर्यत होते आणि खुणा केलेला दोनशे किलोमीटरच्या वरचा मार्ग बाराही महिने खुला असतो.

मी हे कौतुकाने वाचतो, पण त्याची नक्कल दिंडोरीत व्हावी असं म्हणणार नाही. इथल्या पाणंदीवर ज्या बाईचं बाळंतपण अडतं, ज्याचा टेम्पो पावसाळ्यात रुततो आणि एक्स्पोर्टचा माल वेळेत पॅकहाउसला पोहोचत नाही, त्याला पक्का रस्ता मिळालाच पाहिजे. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आल्या आहेत, आणि मी दरवर्षी जातो त्या वाटांपैकी काही आता खडी-मुरूम दाबून घट्ट झाल्या आहेत. ते चांगलं आहे; दाबलेल्या मुरमावर ट्रॅक्टरही चालतो आणि सायकलही. माझा आग्रह एवढाच की कालव्याच्या भरावावर सिमेंट ओतण्याची घाई नको. तिथे जड वाहन जाऊ नये हेच कालव्याच्या हिताचं असतं. पाटकऱ्याची सायकल, शाळेची पोरं, शेळ्या आणि आमच्यासारखे चार सायकलवाले यांना ती वाट पुरते. नाशिकमध्ये सायकलींचं वेड मोठं आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे इथले भाऊ 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी रॅम ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करून आले, आणि पंढरपूरच्या सायकल वारीला दरवर्षी इथून शेकडो लोक निघतात. ही सगळी मंडळी एक-दोन रविवार या कालव्यांवर आली तर पाणीवापर संस्थांना बोलायला नवी माणसं मिळतील.

वाघाडच्या वर, ननाशीच्या दिशेने, बागा विरळ होत जातात आणि नागलीची, भाताची रिकामी खाचरं सुरू होतात. चढ अंगावर येतो. खडी सुटी आहे, मागचं चाक घसरतं, म्हणून बसूनच पायडल मारावं लागतं. उभं राहिलं की पकड जाते. घाटमाथ्यावर पोहोचल्यावर एका बाजूचं पाणी कादवेतून गोदावरीला आणि तिथून पूर्व समुद्राला जातं, दुसऱ्या बाजूचं गुजरातेत उतरून अरबी समुद्राला. या कण्यावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाली निफाडकडे पाचशेच्या आसपास. आणि तरीही मार्च उजाडला की कोरडं पडतं ते वरचं गाव. विहिरीचा तळ दिसतो, बाया वाटीने पाणी भरतात. खाली थेंबाथेंबाने मोजलेलं पाणी प्रत्येक वेलीच्या बुडाशी ठिबकत असतं. वरून खाली जाते ती माणसांची टोळी, आणि तिच्या सोबतीला, पूर्वेकडच्या उतारावरून, तिच्याच डोंगरावर पडलेलं पाणी. धरण कुठे बांधता येतं हे भूगोल ठरवतो, हे मला मान्य आहे. पण गावतळी, पाझर तलाव, झऱ्यांची डागडुजी यांसाठी भूगोल आडवा येत नाही, आणि द्राक्षांच्या पैशातून थोडा हिस्सा या कामाला वर यायला हवा. वाघाडच्या शेपटाने आपला हक्क वरच्याकडून मागून घेतला होता. आता मागणारा धरणाच्याही वर बसला आहे.

मावशींच्या गावाचं नाव मी लिहून घेतलं होतं. येत्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या टोळ्या निघायच्या दिवसांत, मी ही वाट उलटी धरणार आहे: सायकली गाडीत टाकून सुरगाणा तालुक्यातल्या बाऱ्ह्याच्या बाजूला जायचं आणि त्या माणसांच्याच रस्त्याने घाट उतरून, वाघाडच्या कालव्याला लागून दिंडोरी गाठायची. सोबत येणारा एक मित्र वाईनरीत काम करतो. त्याने प्रत्येक बागेची माती हातात घेतलेली आहे, पण घाटमाथा पाहिलेला नाही. त्याला दोनऐवजी चार बाटल्या पाणी घ्यायला सांगितलंय. त्या महिन्यात वर कुणाच्या हंड्यातलं मागायचं नाही.